तेरवार आणि तहान

प्रश्न असा : फ्रेंच रेड वाइनच्या वर्णनात येणाऱ्या 'टेरॉयर'ला, म्हणजे जमीन-हवामानातून वाइनला येणाऱ्या खास गुणाला, मराठीत 'मृद्गंध' म्हणावं का?

आधी उच्चार सुधारू : तेरवार. आणि मृद्गंध मुळीच म्हणू नका. पहिल्या पावसाच्या वासातलं जिओस्मिन हे द्रव्य बुरशी लागलेल्या घडांतून वाइनमध्ये उतरलं की तिला बिटासारखा वास मारतो. हा दोष आहे. वाइनवाले असे घड वेचून फेकतात, आपले प्रतिशब्दकार त्यांनाच मखरात बसवतात!

कोशातला अर्थ सोडा, मजा व्युत्पत्तीत आहे. तेरवारच्या मुळाशी लॅटिन 'तेर्रा'. तेर्रा म्हणजे मुळात 'कोरडी', समुद्र नव्हे ती. धातू 'तेर्स्', सुकणे. संस्कृतात तोच 'तृष्'. त्यावरून तृष्णा, प्राकृतात तण्हा, मराठीत तहान. म्हणजे तेरवार आणि तहान सख्खी चुलत भावंडं!

हे नातं नुसतं कागदावरचं नाही. नैऋत्य फ्रान्समधली काऑरची 'काळी वाइन' घ्या. 1971पासून नामांकन, म्हणजे ठरल्या नियमांनी केलेल्या वाइनलाच गावाचं नाव लावायची मुभा. द्राक्षं निदान 70 टक्के माल्बेक वाणाची, उरलेली मेर्लो आणि ताना. लॉट नदीकाठच्या खोल गाळात वेलीला पाणी सापडतं. मणी फुगतात, वाइन मऊ आणि लवकर पिण्याजोगी होते. वर चुनखडीच्या पठारावर मातीचा थर पातळ, पाणी भेगांतून निसटतं. मणी लहान राहतात, रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग गडद आणि तुरटपणा करकरीत. बाटली काही वर्षं ठेवावीच लागते. वाण तोच, तहान वेगळी. अति झाली तर मात्र बुडाची पानं पिवळी पडतात, पिकणं थांबतं आणि तुरटपणा कच्चाच राहतो. नामांकित बागांना ऐन वाढीत पाणी द्यायची परवानगी तिथे अपवादानेच मिळते.

आपल्याकडे संत्र्याच्या बागेला पाणी तोडून 'ताण' देतात तोही या 'तृष्'मधलाच, असं काही जण ठोकून देतात. चूक. तो 'तन्', ताणणे यातला. खेड्यात 'तान लागली' म्हणतात ती तान मात्र आपलीच, तृष्णेची लेक.

हां, प्रतिशब्द. 'भुईगुण' म्हणा. 'वाण नाही पण गुण लागला' यातला गुण तोच; वाण मात्र तिथे रंग या अर्थी, द्राक्षाचा नव्हे.