मनगटावरच्या सेन्सरने पास मोजताय? आधी एवढं करा

बास्केटबॉलचे पास मनगटावरच्या प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरने तपासायचे, हा विषय छान निवडलात. अंगभर सेन्सर बांधायचा मोह होईल, तो टाळा. चेस्ट पासपासून (दोन्ही हातांनी छातीपासून सरळ ढकललेला पास) सुरुवात करा, दोन्ही मनगटांवर एकेक सेन्सर पुरे.

- पट्टा मनगटाच्या मागच्या बाजूला, घट्ट. सैल पट्ट्याची थरथर आकड्यांत शिरते आणि आपण तिलाच खेळाडूची हालचाल समजतो. नवख्यांचा पहिला डेटा इथेच वाया जाऊ शकतो.
- दर वेळी आधी हात ५ सेकंद स्थिर. एकूण प्रवेग ९.८ मी/से² (म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणाचा) च्या आसपास दिसला तरच पुढे जा.
- सेकंदाला निदान १०० नोंदी हव्यात. चेंडू सोडतानाचा मनगटाचा झटका क्षणात संपतो.
- सोबत मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सुरुवातीला एक जोरदार टाळी वाजवून घ्या. आलेखातलं तिचं टोक आणि व्हिडिओतली टाळी जुळवली की दोन्हींची वेळ जुळते.

आता खरी गोम. जोरात पास म्हणजे चांगला पास नव्हे! सेन्सरला हाताची हालचाल कळते. चेंडू सहकाऱ्याच्या छातीशी पोचला की गुडघ्याशी, हे त्याला कळत नाही. म्हणून भिंतीवर छातीच्या उंचीला चौकोन आखा आणि प्रत्येक पासपुढे 'लागला' किंवा 'चुकला' लिहाच. ही वही नसेल तर तुम्ही कौशल्य नाही, नुसती ताकद मोजताय.

फिल्टर (आकड्यांतली थरथर गाळणं), मशीन लर्निंग, धावत दिलेले पास हे सगळं नंतर. आधी वीसेक पास नोंदवा आणि प्रत्येकाचा आलेख स्वतः नीट बघा. कुठे अडलात तर तो आलेख दाखवा, मिळून बघू.