आफ्रिकेतील 'ऑइल बीन' वृक्षाच्या बिया खरोखर खाण्याजोग्या असतात का?

होय, मात्र कच्च्या नव्हेत. पेंटाक्लेथ्रा मॅक्रोफिला हा बाभळीच्या कुळातील वृक्ष पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या सखल, दमट जंगलांत वाढतो. त्याची लाकडासारखी टणक, हातभर लांबीची शेंग वाळली की मोठा आवाज करून तडकते आणि आपल्याकडच्या गारंबीची आठवण करून देणाऱ्या चपट्या, चकचकीत तपकिरी बिया दूरवर उडतात. त्या झाडाखालून वेचल्या जातात.

बियांत प्रथिने भरपूर असतात आणि तेलाचे प्रमाणही मोठे असते, परंतु कच्च्या बीत पॉसीन नावाचे अपायकारक अल्कलॉइड असते. म्हणून आग्नेय नायजेरियातील इग्बो लोक त्या कित्येक तास उकडतात, टरफल काढून गराचे पातळ काप करतात, ते पुन्हा शिजवून, रात्रभर भिजत ठेवून व धुऊन पानांत गुंडाळतात आणि दोन-तीन दिवस आंबू देतात. हे काम मुख्यतः बॅसिलस सब्टिलिस हा जिवाणू करतो. आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी नॅटोमागेही तोच असतो. तयार झालेला 'उग्बा' पामतेल, मिरची व सुक्या मासळीसह खातात. त्याचा वास उग्र असतो, हे नवख्याने आधीच जाणून घेतलेले बरे.