खिशातल्या फोनला आपलं किती कळतं?

प्रश्न: माझा फोन पावलं मोजतो, झोप किती झाली तेही सांगतो, पण खिशात पडून त्याला हे कळतं कसं? दुसरं म्हणजे माझा मुलगा कॉलेजच्या एका रिसर्चमध्ये भाग घेतोय, त्याच्या मोबाइलवरून ताण, मूड वगैरे मोजणार आहेत म्हणे. हे खरंच मोजता येतं का, की उगाच? आणि हो म्हणू द्यावं का त्याला?

उत्तर: आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, फोन तुम्हाला मोजत नाही, तो स्वतःची हालचाल मोजतो आणि बाकीचं सगळं अंदाजाने काढलेलं असतं. आत ॲक्सेलरोमीटर नावाची बारीकशी चिप असते, तिच्यातला डोळ्याला न दिसणारा तुकडा फोन हलला की किंचित सरकतो आणि त्यावरून तीन दिशांचा वेग कसा बदलला ते आकड्यात येतं. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन झटके एका लयीत बसतात, ती लय सापडली की पाऊल धरायचं. त्यामुळे फोन टेबलावर ठेवून तुम्ही तासभर घरात राबलात तरी त्याच्या लेखी तुम्ही बसूनच होतात. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो, एक मजला चढलं की दाब अंदाजे ०.३ ते ०.४ हेक्टोपास्कल कमी होतो, आता दाब उतरला पण पावलांची लय नाही म्हणजे लिफ्ट, दोन्ही आहे म्हणजे जिना. मला यातलं हे सगळ्यात आवडतं, एकटा सेन्सर फार काही सांगत नाही, दोन जोडले की गोष्ट उलगडते.

झोपेचं मात्र जपून घ्या. स्क्रीन बंद, अंधार, शांतता, फोन चार्जिंगला, हालचाल नाही, यावरून झोप ठरवतात. अंधारात छताकडे बघत जागे पडलेलं त्याला कळणार कसं?

आता मुलाचं. याची गाजलेली पाहणी म्हणजे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजची स्टुडंटलाइफ, अँड्र्यू कॅम्पबेल आणि त्यांच्या टीमने २०१३मध्ये ४८ विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून १० आठवडे डेटा घेतला. झोप, हालचाल, लोकेशन, आसपास गप्पा चालू आहेत का असं बरंच काही टिपलं, ताण किती ते मुलांना फोनवरच विचारलं, पण काय बोलले ते साठवलं नाही. टर्म पुढे सरकली, अभ्यासाचा बोजा वाढला तसा ताण चढत गेला आणि झोप, गप्पा, हालचाल तिन्ही घसरली. त्यामुळे उगाच तर नक्कीच नाही. पण ४८ मुलं, तीही एकाच कॉलेजची, आणि गटाचा कल दिसणं वेगळं, तुमच्या मुलाला आज काय वाटतंय ते सांगणं वेगळं. तो दोन दिवस खोलीबाहेर पडला नाही तर उदास असेल, तापाने पडला असेल नाहीतर परीक्षा असेल, फोनला तिन्ही सारखंच.

मी म्हणेन भाग घेऊ दे, पण सही करण्याआधी त्याला विचारायला सांगा: कच्चा डेटा कुठे राहतो आणि कधी पुसतात, आवाज फोनमध्येच तपासतात की बाहेर पाठवतात, मधेच सोडलं तर आधीचं काढून टाकतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखादा मुलगा खरंच अडचणीत आहे असं डेटात दिसलं तर त्याला फोन कोण करणार? यावर नीट उत्तर नसेल तर मी माझ्या घरच्यांना सही करू देणार नाही.

प्रश्न: मी सगळ्या ॲप्सचं लोकेशन बंद ठेवलंय, मग आता काळजी नाही ना?

उत्तर: बरंचसं झालं, सगळं नाही. अँड्रॉइडवर ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप (फोन कसा वळतो-फिरतो ते मोजणारा सेन्सर) वाचायला ॲपला तुमची परवानगी विचारावीच लागत नाही, पावलांच्या मोजणीसाठी ती अँड्रॉइड १०पासून विचारतात. २०१४मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की जायरोस्कोपला जवळच्या आवाजाची कंपनंही थोडीफार पकडता येतात. आणि नावं काढलेला डेटाही बोलतो, स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपने २०१७च्या शेवटी लोकांच्या धावण्याचा नकाशा टाकला, नावं कुणाचीच नव्हती, पण जानेवारी २०१८मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड भागात चमकणाऱ्या रेषा म्हणजे सैनिकी तळ आहेत. तेव्हा लोकेशन बंद राहू द्याच, पण महिनोन् महिने न उघडलेली ॲप्स आधी काढून टाका, जे ॲप फोनमध्ये नाही ते सेन्सर वाचू शकत नाही.