नोकरी सोडून छोटं वर्कशॉप टाकतोय. धंदा करून तुम्ही काय शिकलात?

तुम्ही लिहिलंय की व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) हात बसलाय, दोन ऑर्डरी तोंडी मिळाल्यात आणि भोसरीत गाळा बघताय. मग काम मिळेल का, ही काळजी सोडा. आमच्याकडे हात चांगला असेल तर काम मिळतं. पैसे वसूल करायचं कसब निराळं, आणि ते नोकरीत कोणी शिकवत नाही.

माल कंपनीच्या गेटवर उतरला, डिलिव्हरी चलनावर शिक्का बसला की आपल्याला वाटतं सुटलो. पण क्यूसीत, म्हणजे तपासणीत, पास होऊन जीआरएन (माल स्वीकारल्याची कंपनीची नोंद) पडेपर्यंत अकाउंट्सवाला बिलाला हात लावत नाही. क्यूसीवाला रजेवर गेला तर माल तसाच पडून, आणि पेमेंटचे दिवस कंपनी मोजणार जीआरएनपासून! म्हणून मी दुसऱ्या दिवशी फोन स्टोअरला करतो, पर्चेसला (खरेदी खात्याला) नाही. पर्चेसवाला नुसतं ‘बघतो’ म्हणतो.

तोवर इकडे मीटर चालूच. लाखाच्या बिलावर 18 टक्क्यांनी 18 हजार जीएसटी झाला, तर खरेदीचं क्रेडिट वजा करून उरलेला, मासिक रिटर्न असेल तर, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा. पार्टीने तुम्हाला पैसे दिलेत की नाही, हे सरकार विचारत नाही. पगार, लाइट बिल, इन्सर्ट (कटिंग टूलची झिजणारी पाती) वेगळेच. मशीनच्या कर्जाचा विचार सगळे करतात, खेळत्या भांडवलाचा फार थोडे. सीसी लिमिट (रोजच्या खर्चासाठी बँकेकडून हवे तेव्हा उचलायची रक्कम) मशीनच्या कर्जाबरोबरच मागा. गळ्याशी आल्यावर गेलात तर बँक दारात उभं करत नाही.

कायदा म्हणाल तर आपल्या बाजूने आहे. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे पैसे द्यायची मुदत लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. पार्टीने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर हे दिवस माल पोचल्यापासून धरतात, जीआरएनपासून नव्हे. उशिराला बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या दराच्या) तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण जिचं काम चालू आहे त्या पार्टीवर तक्रार ठोकणार कोण? पुढची ऑर्डर गेलीच समजा.

त्यापेक्षा आयकरातली 2023-24 पासूनची तरतूद जास्त कामाला येते. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर पार्टीला तो खर्च ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येतो. त्यामुळे मार्च आला की अकाउंट्सवाल्यांचेच फोन येतात, ‘उद्यम सर्टिफिकेट पाठवा’ म्हणून. लघुउद्योगाची ही सरकारी नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. उद्यम नंबर पहिल्या बिलापासून छापा.

राहिल्या त्या तोंडी ऑर्डरी. पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) हातात पडल्याशिवाय गाळ्याचं डिपॉझिट भरू नका. मटेरियल कंपनीचं असेल तर रिजेक्ट पीसला डेबिट नोट (आपल्या बिलातून कापायची रक्कम) नुसत्या मशीनिंगची येणार की मटेरियलसकट, हे पीओवर लिहून घ्या. नाहीतर 40 रुपयांच्या मशीनिंगपायी 600 रुपयांचं कास्टिंग (कंपनीने दिलेला ओतीव पार्ट) अंगावर येतं.