उन्हाळ्यात ब्रॉयलर उचलताना

प्रश्न : मे महिन्यात लिफ्टिंगनंतर, म्हणजे विक्रीसाठी पक्षी उचलून गाडीत भरल्यावर, गाडीतच पक्षी मरतात. दोन किलोचे ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेले पक्षी) आहेत. काय चुकतं?

उत्तर : बहुतेक वेळा गर्दी आणि थांबलेली गाडी. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. उन्हाळ्यात ती मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते. गाडी थांबली की मधल्या क्रेटमधली हवा कोंडते आणि तिथलेच पक्षी आधी जातात. युरोपीय नियमानुसार या वजनाला किलोमागे किमान १६० चौरस सेंटिमीटर जागा लागते. आपल्या उन्हाळ्यात क्रेटमागे त्याहूनही दोन-तीन पक्षी कमी भरा. लिफ्टिंग रात्रीच करा, वाटेत चहालासुद्धा थांबू नका. पाणी मारायचं तर गाडी धावत असतानाच उपयोग. थांबलेल्या गाडीत दमटपणा वाढून धाप निकामी ठरते.

पक्षी कापण्याच्या ८ ते १२ तास आधी खाद्य बंद करा, प्रवास धरून. त्याहून लांबलं तर आतडी कमकुवत होऊन फाटतात. पाणी मात्र पक्षी पकडेपर्यंत चालूच ठेवा.

पकडताना दिवे मंद ठेवा. दोन्ही पाय धरा, एका हातात तीनच पक्षी. पंखाला धरून फेकणं तर पूर्ण बंद करा : हाड मोडतं, जीव तळमळतो.