उतरताना थ्रॉटल एकदम बंद करू नकोस

भाऊ, चाकं टेकायच्या आधीच थ्रॉटल (मोटरचा वेग कमी-जास्त करायची काडी) बंद करून राहिलास, म्हणून तुझं मॉडेल विमान आपटते. प्रोपेलरमागची हवा वेगवान असते. पंखाचा जेवढा भाग तिच्यात, तेवढ्याची उचल वाढते. थ्रॉटल बंद केल्यावर ती हवा गेली की ती उचलही गेली, एलेव्हेटरही (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) ढिला.

शिवाय ती हवा पिळा घेत जाते. मागून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर डाव्या पंखाच्या मुळाशी ती वर चढते, उजव्या बाजूला खाली उतरते. पंखावर लोकरीचे बोटभर धागे चिकटव, मॉडेल मागून घट्ट धरायला लाव आणि मोटर चालव. मुळाशी धागे ताठ, थरथरते, टोकाशी निपचित. मी हे तासभर पाहत बसलो होतो!

नागपुरात मे महिन्यात दुपारची तापलेली हवा विरळ असते, म्हणून उचलही कमी मिळते. सकाळी सहालाच मैदानावर ये.