शास्त्रीय गाणं मध्यमा परीक्षेपर्यंत शिकले आहे, पण स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही. इंग्लंडमधल्या बायकांच्या कॉयरची, म्हणजे समूहगायनाच्या गटाची, ऑडिशन द्यावी का? तयारी काय करू?

द्याच. मीही ख्याल शिकूनच इकडे आले आणि आता उत्तर इंग्लंडमधल्या एका गावच्या बायकांच्या कॉयरमध्ये ऑल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, गाते.

तिथे तुमची मैफल कोणाला ऐकायची नसते. सूर धरता येतो का आणि शेजारणीचं ऐकत तिच्या आवाजात मिसळता येतं का, एवढंच कंडक्टर, म्हणजे कॉयरचं गाणं बसवणारी बाई, बघते. त्यामुळे गाणं साधं निवडा, सरळ स्वरांचं. मुरक्या नकोत, मींडही नको. सवयीने आपल्याकडून कण, म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, लागतोच, आणि सगळ्याजणी सरळ स्वर लावत असताना एकटीचा कण लगेच कानाला टोचतो.

मग पियानोवर खालून वर नेत आवाज कुठपर्यंत जातो ते पाहतात. इथे आपल्या बायका उगीच घाबरतात आणि सोप्रानो, म्हणजे वरच्या आवाजाच्या, व्हायला धडपडतात. तुमचा सा काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी) असेल तर ऑल्टोचं गाणं साधारण मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादापासून तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, मध्यमापर्यंत येतं. म्हणजे तुमच्या रोजच्या रियाजातलंच. खर्जात मंद्र पंचम नीट लागत असेल तर ते आवर्जून सांगा. इतक्या खाली भरीव गाणाऱ्या बायका फार नसतात.

खरी गंमत पुढे आहे. पियानोवर तीन स्वर एकदम वाजवतात आणि म्हणतात, यातला मधला गा. गळा हमखास वरच्या स्वराकडे पळतो, कारण तोच ठळक ऐकू येतो. पण तुम्ही तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून निघणारा गंधार ऐकलाय ना? बहुतेक वेळा सा-ग-पच वाजवलेले असतात आणि तुम्हाला तोच गंधार शोधायचा असतो. पियानोचा ग तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा जरासा चढा असतो, त्याचा बाऊ करू नका. स्वर उदास वाटले तर कोमल ग समजा. घरी हार्मोनियमवर सा-ग-प दाबून आळीपाळीने तिन्ही गाऊन बघा. नंतर कोणीतरी सा धरून ठेवावा आणि तुम्ही ग सोडायचा नाही, कितीही ओढ लागली तरी. हा सराव बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा, कारण आपल्या शिक्षणात दुसरी बाई वेगळा स्वर गात असताना आपला टिकवायची वेळच येत नाही.

नोटेशनचं म्हणाल तर गावपातळीवरच्या बऱ्याच कॉयर रेकॉर्डिंग देऊन चाली बसवून घेतात. "वाचता येत नाही, पण ऐकून लवकर उचलते" असं सरळ सांगा. तरी थोडं शिकायचंच असेल तर सा कुठे आहे ते आधी शोधा: ओळीच्या सुरुवातीला शार्पची (स्वर चढवणारी, ♯) चिन्हं असतील तर शेवटचं चिन्ह नी या स्वरावर असतं, फ्लॅटची (स्वर उतरवणारी, ♭) असतील तर म या स्वरावर. हे मेजर स्केलपुरतं (सगळे शुद्ध स्वर असलेल्या सप्तकापुरतं), पण सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

उच्चारांचं एकच सांगते. 'नाइट' लांबवायचं असेल तर 'आ' धरा; 'इ' अगदी शेवटी, आणि ट सगळ्यांबरोबर.

नकार आला तर कुठल्या आवाजात जागा नव्हती ते विचारून घ्या. पुष्कळदा सोप्रानो भरलेल्या असतात, एवढंच कारण असतं.